दुष्काळात जमलेली मंडळी



१८९१ साली बुलढाणा जिल्ह्याची खानेसुमारी झाली, तेव्हा माणसं पावणेपाच लाखांच्या वर भरली. दहा वर्षांनी, १९०१ मध्ये, पुन्हा मोजदाद झाली तर आकडा सव्वाचार लाखांच्याही खाली आला होता. तेव्हाचा जिल्हा आजच्याहून लहान. चिखली, मलकापूर आणि मेहकर एवढे तीनच तालुके त्यात होते. खामगाव आणि जळगाव जामोद १९०५ मध्ये अकोल्याकडून इकडे आले. म्हणजे घाटावरच्या आणि घाटाखालच्या या तीन तालुक्यांतून दहा वर्षांत शंभरामागे जवळजवळ बारा माणसं कमी झाली. काही गाव सोडून गेली, बरीचशी मेली. १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा येऊन ठेपला. गुजरात-राजस्थानात संवत १९५६ वरून त्याला ‘छप्पन्या’ म्हणतात. वऱ्हाडात त्याला निराळं नाव असो नसो, पांढऱ्या कपाशीच्या या मुलखाने त्या साली काय पाहिलं ते खानेसुमारीच्या रकान्यांत उतरलेलं आहे.

बुलढाण्यातल्या ख्रिस्ती श्रद्धेची गोष्ट इथून सुरू करावी लागते. या जिल्ह्यात ख्रिस्ती माणसं आज एक टक्क्याच्याही बरीच खाली आहेत. पण ती आहेत, आणि त्यांतल्या काही घराण्यांचा इतिहास आजोबा-पणजोबांपर्यंत मागे गेला की एका अनाथालयाच्या दारात थांबतो. त्या दारापलीकडचं गाव, कूळ, आडनाव फारसं कुणाला सांगता येत नाही.

खामगावला जलंब फाट्यावरून रेल्वे आली १८७० मध्ये. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्या साली इथे आले होते ते कपाशीसाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडाची आठवण करून दिली होती. त्यानंतर तीस वर्षांनी अमेरिकेहूनच उलटी खेप आली. मे १९०० मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरातून ‘क्विटो’ नावाचं जहाज मका भरून मुंबईकडे निघालं. ‘ख्रिश्चन हेरल्ड’ नावाच्या साप्ताहिकाने वाचकांकडून पैसे गोळा करून तो मका घेतला होता, आणि त्याचं वाटप हिंदुस्थानातल्या मिशनऱ्यांच्या हाती सोपवलं. ज्या देशाच्या युद्धामुळे इथली कपाशी महागली, त्याच देशातल्या शेतकऱ्यांचा मका आता कपाशीच्या मुलखांकडे येत होता. व्यापार आणि दया एकाच रुळावरून येतात-जातात, हे वऱ्हाडाइतकं क्वचितच कुठे दिसेल.

वऱ्हाडात तेव्हा काम करणारं मुख्य मिशन म्हणजे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. अकोला, खामगाव, बुलढाणा, मलकापूर ही त्याची ठाणी. दुष्काळात या मिशनने मुलग्यांसाठी अकोल्याला आणि मुलींसाठी खामगावला अनाथालय चालवलं. अकोल्याच्या ठाण्यावर मार्कस फुलर आणि त्यांची पत्नी जेनी फुलर हे जोडपं होतं. जेनीबाईंनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या हालअपेष्टांवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं. ते १९०० मध्ये निघालं आणि त्याला प्रस्तावना होती पंडिता रमाबाईंची. पुस्तक बाहेर पडलं त्याच वर्षी, दुष्काळ अजून पुरता सरायचा होता तोवर, जेनीबाई वारल्या. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण या मिशनचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन ज्या चार गोष्टींवर भर देत त्यांत ‘ख्रिस्त रोग बरे करतो’ ही एक होती. आरोग्य देणारा देव सांगायला आलेल्या माणसांना आपल्याच लोकांना मातीआड करावं लागलं. त्यांच्या श्रद्धेची खरी कसोटी तिथेच लागली असणार, सभेतल्या टाळ्यांत नव्हे.

टीकाही तेव्हाच सुरू झाली होती आणि ती पोकळ नव्हती. भुकेलेल्या पोराला भाकरी द्यायची आणि सोबत धर्मही द्यायचा, ही दया की सौदा? टोपलीभर धान्यासाठी बाप्तिस्मा घेणाऱ्यांची थट्टा पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालली. वऱ्हाडातल्या ख्रिस्ती घरांनी ती ऐकून घेतली आहे. एक मात्र दोन्ही बाजूंनी विसरलं जातं. आठ वर्षांच्या पोरीपुढे दोन धर्मांची तुलना मांडलेलीच नव्हती. तिच्यापुढे होतं ते एक छप्पर, एक ताट, रात्री शेजारी झोपणाऱ्या पन्नास पोरी, आणि एकेरी नावाने हाक मारणारं कुणीतरी. श्रद्धा तिच्यापर्यंत पोचली असेल तर ती या वस्तूंच्या रूपात. पुढे मोठी झाल्यावर तिने त्या श्रद्धेचं काय केलं, हा प्रश्न खरा तिचा. ती बायबलबाई झाली असेल, शिक्षिका किंवा नर्स झाली असेल, किंवा लग्न करून नांदुऱ्याला नांदायला गेली असेल. तिने लिहून ठेवलेलं आपल्या हाती फार थोडं आहे.

लिहून ठेवणारी दुसरी एक होती. तीही दुष्काळाचीच पोर.

रमाबाई डोंगरे जन्मल्या १८५८ साली, गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री विद्वान, पण हट्टी. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्रीमंडळींनी त्यांना जाब विचारला होता. पुढे सगळं कुटुंब पुराण सांगत तीर्थाटन करत राहिलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात ते दक्षिणेत होतं. दागिने गेले, भांडी गेली, मग फक्त पानं आणि रानफळं उरली. मजुरी करणं ब्राह्मण्याला शोभत नाही आणि भीक मागायची लाज वाटते, अशा कात्रीत ती माणसं सापडली. रानात जाऊन एखाद्या पवित्र तळ्यात देह ठेवावा, इथवर बोलणं गेलं होतं. १८७४ मध्ये आधी वडील गेले, थोड्याच दिवसांत आई गेली, मग मोठी बहीण.

आईच्या वेळची एक गोष्ट रमाबाईंनी पुढे लिहून ठेवली आहे. तिरडी उचलायला चार माणसं मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ, आणि चौथी स्वतः रमाबाई. वय सोळा-सतरा, उंची कमी. दुसऱ्या तिघांच्या खांद्याशी तिचा खांदा जुळेना, म्हणून आईची तिरडी तिने डोक्यावर घेतली. मसणवट तीन मैलांवर होती.

त्यानंतर भाऊ श्रीनिवास आणि ती हजारो मैल पायी फिरले. झेलमच्या काठी थंडी सोसेना म्हणून त्या दोघांनी वाळूत माणूसभर खड्डे खणले, आत झोपले आणि डोकं सोडून अंगावर वाळू ओढून घेतली. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्यावर तिथल्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवराही गेला. चोविशीच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा. मागे एक वर्षाच्याही आतली पोर.

एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आता पुढे ख्रिस्त भेटणार आणि डोळे पुसले जाणार. कीर्तनात असंच होतं. रमाबाईंच्या आयुष्यात तसं झालं नाही. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात राहिल्या. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आपला जीव संपवला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यांना ओढून घेणारी गोष्ट कोणती होती, तर फुलहॅम इथलं एक घर. समाजाने टाकलेल्या बायकांची शुश्रूषा तिथे जोगिणी करत होत्या. अशा बायांशी कुणी माणुसकीने वागतं, हे त्यांनी तोवर पाहिलं नव्हतं. त्याच सुमारास योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट त्यांनी वाचली. म्हणजे आपल्या माणसांच्या पाच मृत्यूंवर तोडगा म्हणून त्या ख्रिस्ताकडे गेल्या नाहीत. दुसऱ्या बायांच्या दुःखाशी कोण कसं वागतं, ते पाहून गेल्या.

मनाची शांती त्याच्याही नंतर आली. १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्यांनी कबूल केलं आहे की बाप्तिस्मा घेताना आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. तो सापडायला आणखी आठएक वर्षं गेली. आजच्या ‘विश्वास ठेवा आणि दुःख विसरा’ छापाच्या भाषणांना हा हिशेब अडचणीचा जातो. आईबाप गेले १८७४ मध्ये, जीव निवला १८९१ च्या सुमारास. सतरा वर्षं. मधल्या काळात या बाईने परिषदांत भाषणं केली, इंग्रजी पुस्तक लिहिलं, अमेरिकाभर फिरून पैसा उभा केला, १८८९ मध्ये मुंबईला शारदा सदन काढलं. श्रद्धेतला दिलासा पदरी पडेपर्यंत त्या हात जोडून बसल्या नव्हत्या.

त्या कधी मऊही झाल्या नाहीत. वाँटेजच्या जोगिणींनी दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. लॅटिनच का, संस्कृत का नको, असं त्यांनी विचारलं. इंग्लंडात राहूनही त्या शाकाहारीच राहिल्या. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग-बंदोबस्तातल्या गैरव्यवहारावर त्यांनी उघड पत्र लिहिलं, तेव्हा मुंबईचे ख्रिस्ती गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनाही त्यांची दखल घ्यावी लागली. आणि १८९३ मध्ये, तोवर पुण्याला हललेल्या शारदा सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून पुण्यात गदारोळ झाला, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या, तेव्हाही त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं नाही. प्रार्थना उघड्या दाराने करीन, येईल त्याने यावं, ही त्यांची भूमिका. त्यात चूक कुणाची याचा वाद आजही घालता येतो. पण धर्म बदलून बाई लीन झाली, असं मात्र कुणी म्हणू नये.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून भुकेच्या बातम्या येऊ लागल्या आणि रमाबाई उठून तिकडे गेल्या. वीस-बावीस वर्षांपूर्वी स्वतःची जी दशा झाली होती ती दशा असलेल्या पोरी त्यांनी धर्मशाळांतून आणि मदत-छावण्यांतून वेचून काढल्या. सुमारे तीनशे मुली आणि बाया आल्या. पुणे अपुरं पडलं, म्हणून केडगावच्या माळावर घेतलेल्या जमिनीत ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या दुष्काळात गुजरातच्या मुली आल्या आणि आकडा दोन हजारांच्या घरात गेला. आंधळ्या मुलींसाठी बार्तिमी सदन, फसवल्या गेलेल्यांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्या आणि अपंगांसाठी प्रीती सदन. शिवाय माग, शेती, छापखाना. आपल्या दुष्काळाच्या आठवणी रमाबाईंनी १८९६-९७ च्या त्या दुष्काळाच्या वेळीच लिहिल्या. तिरडीची ती गोष्ट तेव्हाच कागदावर उतरली, आईला जाऊन तेवीस वर्षं झाल्यावर, समोर तीनशे पोरी जेवायला बसलेल्या असताना. दुःख सांगायला त्यांना जागा मिळाली ती दुसऱ्यांच्या दुःखाशेजारी.

दुसरी बाई याच्या अगदी उलट्या वाटेने आली. लक्ष्मीबाई टिळकांच्या बाबतीत ख्रिस्ती श्रद्धा हे दुःखावरचं औषध नव्हतं, तेच दुःखाचं कारण होतं.

कवी नारायण वामन टिळक हे तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायको नाशिककडे माहेरच्या माणसांत, मुलगा लहान. बातमी येताच घरावर दुखवट्याची कळा आली. मेलेल्या नवऱ्याचं सुतक धरता येतं. धर्म बदललेल्या, जिवंत, पत्रं लिहिणाऱ्या नवऱ्याचं काय धरायचं? पुढची चार-पाच वर्षं लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे, पंढरपुराकडे, कधी रडत, कधी भ्रमिष्टासारख्या राहिल्या. त्याच काळात त्यांना कविता सुचू लागली. मग त्या नवऱ्याकडे गेल्या, पण सोवळं घेऊन. चूल वेगळी, पाणी वेगळं. जातीचं ओझं गळून पडलं ते कुणाच्या प्रवचनाने नाही. एकदा विचार करता करता त्यांनी स्वतःलाच विचारलं की ही जात देवाने केली की माणसाने, आणि उत्तर मिळाल्यावर त्या उठून कुणाच्याही हातचं खाऊ लागल्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या सगळ्याचं जे पुस्तक झालं ते ‘स्मृतिचित्रे’. त्याचे भाग १९३४ पासून निघाले, शेवटचा भाग लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर. मराठीत संसार उद्ध्वस्त झाल्याची इतकी करुण गोष्ट क्वचितच असेल, आणि वाचणारा हसून हसून बेजार होतो. पंडितांना हे पुस्तक शैलीसाठी आवडतं. पण श्रद्धेतून दिलासा मिळतो म्हणजे काय होतं, याचा मराठीतला सगळ्यात भरवशाचा पुरावाही तेच आहे. आपल्या हालांकडे, सोवळ्याकडे, तऱ्हेवाईक नवऱ्याकडे आणि ख्रिस्ती मंडळींच्या वेडेपणाकडेही ही बाई सारख्याच खट्याळपणे पाहू शकते. टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं.

टिळकांची भजनं आज बुलढाणा, चिखली, खामगावच्या उपासनेतही म्हटली जातात. परदेशी चालीची गीतंही आहेत, पण घरात मयत झालं की पेटी निघते, ढोलक निघतं आणि बहुधा टिळक निघतात. ख्रिस्ती घरातलं मयत बाहेरच्या माणसाला फारसं पाहायला मिळत नाही, म्हणून थोडं सांगायला हवं. बातमी कळली की मंडळीतले लोक येऊ लागतात. बाया स्वयंपाकघराचा ताबा घेतात, कारण त्या घरची चूल पेटायची नसते. चहाचं पातेलं शेजारून येतं, भाकरी-पिठलं दुसरीकडून. शवपेटीची व्यवस्था कुणीतरी न सांगता करतो. पाळक येऊन शास्त्रातला उतारा वाचतात. रात्र जागवायची असेल तर भजनं चालतात. एकाला शब्द आठवत नसला तर दुसरा ओळ सुरू करून देतो. नातेवाइकांत हिंदू, बौद्ध सगळेच असतात. तेरवी करणार की नाही, यावर कोपऱ्यात हलक्या आवाजात एखादी चकमकही होते. मग दफन, आणि नंतर काही दिवसांनी प्रार्थना सभा. या सगळ्यात श्रद्धेविषयीची चर्चा किती असते? जवळजवळ नाहीच. माणसं मात्र शेवटपर्यंत बसून असतात.

बायबलमधल्या ईयोबाच्या मित्रांनीही हेच केलं होतं. पोरंबाळं, गुरंढोरं, अंगावरचं धड कातडं, सगळं गमावलेल्या माणसापाशी ते सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसून राहिले, एक शब्द न बोलता. तिथपर्यंत त्यांचं सांत्वन उत्तम चाललं होतं. आठव्या दिवशी ते बोलू लागले, तुझ्याच पापाचं फळ असेल असं सुचवू लागले, आणि पुढचे तीसएक अध्याय तो वाद चालला. शेवटी देव रागावतो तो ईयोबावर नव्हे, त्यांच्यावर. देवाला जाब विचारणारा बरोबर ठरतो आणि देवाची वकिली करणारे चुकीचे. दीडशे स्तोत्रांतही सगळ्यात मोठा गट गाऱ्हाण्यांचा आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, कुठलीही आशेची पुस्ती न जोडता. ही स्तोत्रं ज्यांनी पवित्र शास्त्रात ठेवली त्यांनी दुःखी माणसाला रडायचा आणि तक्रारीचा हक्क लेखी दिला आहे. आपल्याकडे विठ्ठलाशी भांडणाऱ्या नामदेव-जनाबाईंनी तो केव्हाच घेतलेला असल्यामुळे मराठी माणसाला हे परकं वाटू नये.

इंग्रजी लेखक सी. एस. लुइस यांचं उदाहरण इथे उपयोगी आहे. १९४० मध्ये त्यांनी दुःखाच्या प्रश्नावर एक तर्कशुद्ध पुस्तक लिहिलं: देव चांगला असताना जगात यातना का, याची व्यवस्थित उत्तरं. वीस वर्षांनी, १९६० मध्ये, त्यांची पत्नी कर्करोगाने गेली. मग वह्यांत जे लिहिलं गेलं ते १९६१ मध्ये टोपणनावाने छापावं लागलं, इतकं ते उघडंवाघडं होतं. त्यात देवाच्या नावाने संताप आहे, दार ठोठावून आत काहीच न ऐकू येण्याचा अनुभव आहे. श्रद्धा अखेर टिकते, पण पहिल्या पुस्तकातली उत्तरं जशीच्या तशी टिकत नाहीत. शोकाकुल माणसाच्या हाती द्यायचंच असेल तर दुसरं पुस्तक द्यावं.

बुलढाण्याचा माणूस दुःख घेऊन कुठेतरी जातो, ही इथली रीतच आहे. शेगावला गजानन महाराजांच्या पायरीवर डोकं टेकतो. मन बिघडलेल्या माणसाला सैलानी बाबांच्या दर्ग्यावर नेतो. होळीच्या सुमारास तिथे केवढी गर्दी लोटते ते सगळ्यांना ठाऊक आहे. ख्रिस्ती मंडळीही याच मातीतली. त्यामुळे मोठ्या तंबूतल्या ‘चंगाई सभां’ना गर्दी होते यात नवल नाही. पण तिथे एक धोका आहे आणि तो स्पष्ट बोलला पाहिजे. आजार बरा झाला नाही तर ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं ज्याला ऐकावं लागतं, त्याला मूळ दुखण्यावर दुसरं दुखणं मिळतं. ईयोबाच्या मित्रांचीच ही नवी आवृत्ती. औषध बंद करायला सांगणारा प्रार्थनावाला कुठल्याही धर्माचा असो, त्याला दाराबाहेरच थांबवावं. नैराश्याला डॉक्टर लागतो, आणि डॉक्टरकडे जाणारा माणूस देवाकडे पाठ फिरवत नाही.

हे आज का बोलायचं, तर या जिल्ह्यातल्या गेल्या पंचवीस वर्षांच्या दुःखाचं नाव सगळ्यांना माहीत आहे. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर केली, तेव्हा तिच्या सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. १९०० चा दुष्काळ पोरं अनाथ करून गेला. या आत्महत्यांनी बाया विधवा केल्या आणि मागे सावकाराची चिठ्ठी, बँकेची नोटीस आणि एक प्रश्न ठेवला जो गाव तोंडावर विचारत नाही. इथे ख्रिस्ती परंपरेला स्वतःचा इतिहासही तपासावा लागेल. जीव देणाऱ्या माणसाला चर्चने शतकानुशतकं पापी ठरवलं. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायद्यात जाणूनबुजून जीव देणाऱ्याला चर्चचं दफन नाकारलेलं होतं. १९८३ च्या नव्या कायद्यातून ती बंदी गेली, आणि १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथाने सांगितलं की अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये, मानसिक यातनेमुळे माणसाची जबाबदारी कमी होते. वऱ्हाडातल्या मंडळ्या बहुतेक प्रोटेस्टंट, त्यांना तो कायदा लागू नव्हता. पण ती नजर मात्र पंथांच्या कुंपणापाशी अडत नाही. विधवेच्या घरी सांत्वनाला गेलेल्याने ‘असं करायला नको होतं’ म्हणून सुरुवात केली, तर तो दाराच्या आत असूनही बाहेरच राहिला.

रमाबाईंच्या शेवटाविषयी अजून सांगायचं राहिलं. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली, चाळिशीत. आईचा उजवा हात तीच होती आणि मुक्ती मिशन तिच्याच हाती जायचं होतं. आता रमाबाईंचं स्वतःचं असं कुणी उरलं नाही. त्या वेळी त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. मुक्तीतल्या बायाच खिळे जुळवत, छापत. मनोरमा गेल्यानंतरही मुद्रितं तपासणं चालू राहिलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तोवर काम आटोपत आलं होतं. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं.

खामगावच्या त्या मुलींची मात्र अशी पुस्तकं नाहीत. त्या कुठल्या गावच्या होत्या, दुष्काळात त्यांचं कोण गेलं, खामगावच्या त्या छपराखाली पहिल्या रात्री त्यांना झोप लागली का, मोठेपणी त्या प्रार्थनेत कुणाचं नाव घेत, हे त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना जेवढं ऐकून माहीत आहे तेवढंच उरलं आहे. आज या सभेला बुलढाणा, मलकापूर, चिखली, खामगाव इथल्या मंडळ्यांतले काही ज्येष्ठ आले असतील. जिथे जुन्या बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या नोंदवह्या उरल्या असतील तिथे त्यांची छायाचित्रं काढून ठेवता येतील, आणि ऐंशीच्या पुढच्या आजीबाईंजवळ बसून त्यांची आजी काय सांगायची ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घेता येईल. व्याख्यानमालेच्या आयोजकांनी त्यासाठी पुढच्या वर्षाची एक संध्याकाळ राखून ठेवली तर बोलायला बाहेरून वक्ता आणावा लागणार नाही.